ठण्ण वाजलं म्हणजे लागलंच का? पोलादी टार्गेटचा आवाज ओळखायला शिकताना

पोलादी प्लेटवर पहिली गोळी लागून ठण्ण वाजतं तेव्हा माणूस हसतोच. कागदी टार्गेटवर भोक पडलं का हे बघायला दुर्बिणीला डोळा लावून बसावं लागतं, प्लेट मात्र आपणहून सांगते. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. वाजलं म्हणजे लागलं, नाही वाजलं म्हणजे चुकलं, त्यात शिकण्यासारखं काय आहे?

मग एका सकाळी ३०० मीटरवर दहा गोळ्या मारल्या आणि सात टोले मोजले. बोटांवर मोजले, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. सगळ्यांचं फायरिंग थांबलं, पुढे जायची परवानगी मिळाली, आणि मी ऐटीत प्लेटपाशी गेलो. सकाळीच मारलेल्या पांढऱ्या रंगावर डाग होते दोन. शेजारच्या लेनमधला गडी माझ्यासारख्याच प्लेटवर, साधारण माझ्याच लयीत मारत होता. त्याचे पाच टोले मी खुशाल माझ्या खात्यावर जमा करून घेतले होते.

त्यानंतर ऐकायला शिकलो. शिकताना जिथे जिथे फसलो ते इथे लिहून ठेवतोय. नेम कसा धरायचा हे या लेखात नाही. तुम्हाला रायफल सुरक्षितपणे हाताळता येते आणि तुम्ही रीतसर रेंजवर, तिथल्या रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली मारता, हे मी धरून चाललोय.

सोबत काय असावं

- इयरमफ, शक्यतो इलेक्ट्रॉनिक. का ते खाली सांगतो.
- गोळीच्या तुकड्यांपासून डोळे वाचवणारा नेमबाजीचा चष्मा, आणि लांब बाह्यांचा शर्ट.
- छोटी हातोडी किंवा लाकडी ठोकळा.
- पांढऱ्या रंगाचा स्प्रे. हा नसेल तर बाकीचं सगळं अंदाजपंचे.
- स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं टार्गेट बघायची एकनळी दुर्बीण, निदान बरी साधी दुर्बीण.
- बोल्टला बसणारे दोन पाने.
- वही. फोनवर आवाज रेकॉर्ड करता येतो, पण वहीची जागा फोन घेत नाही.
- रेंजच्या नियमांची प्रत. पोलादावर कोणती काडतुसं चालतात, किमान अंतर किती, हे त्यात असतं. ते तोंडी ऐकून घेण्यापेक्षा वाचून घ्या.

कानांबद्दल आधीच बोलून घेतो, कारण नवे लोक इथेच मोठी चूक करतात. रायफलच्या बाराचा आवाज मारणाऱ्याच्या कानाशी साधारण १५० ते १७० डेसिबलपर्यंत जातो, आणि १४० डेसिबलच्या वर एक बारही कानाला कायमची इजा करू शकतो. प्लेट नीट ऐकू येत नाही म्हणून एका बाजूचा मफ जरासा उचलून ठेवणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. आवाज ऐकायचा असेल तर इलेक्ट्रॉनिक मफ घ्या. त्यात बाहेर माइक असतो, बार दाबला जातो आणि प्लेटचा बारीक नाद उलट मोठा होऊन कानात येतो. घेताना एवढंच बघा की मोठा आवाज दाबल्यावर मफ लगेच पूर्ववत होतो का. काही साधे मफ पुन्हा उघडायला क्षणभर घेतात, आणि १०० मीटरवरच्या प्लेटचा टोला नेमका त्याच क्षणात गिळला जातो. मग तुम्ही म्हणता, चुकली.

## १. गोळीच्या आधी हातोडी

नाणं वाजवून घ्यावं तशी प्लेट वाजवून घ्या. रेंजवर फायरिंग बंद असताना, रायफली उघड्या आणि रिकाम्या करून ठेवलेल्या असताना, प्लेटपाशी जा आणि हातोडीने हलकेच ठोका. आधी बरोबर मध्यावर, मग कडेला, मग टांगायच्या भोकांजवळ, मग चौकटीवर आणि खांबावर. दहा मिनिटांचं काम आहे. पुढे लांबून जे आवाज येतील त्यांची बाराखडी इथेच पाठ होते.

ठोकताना दोन गोष्टी ऐका. एक, सूर किती वर किंवा खाली आहे. दोन, नाद किती वेळ टिकतो.

सूर ठरतो प्लेटच्या आकारावर आणि जाडीवर. जाडी दुप्पट केली तर सूर दुप्पट वर जातो. व्यास निम्मा केला तर मात्र सूर चौपट वर जातो. म्हणजे आकाराचा परिणाम जाडीपेक्षा जास्त. १० मिमी जाडीची, ३०० मिमी व्यासाची गोल प्लेट मोकळी टांगली तर तिचा सगळ्यात खालचा सूर हिशेबाने साधारण ५८० हर्ट्झला येतो. त्याच जाडीची २०० मिमीची प्लेट १३०० च्या आसपास, आणि १५० मिमीची २३०० च्या आसपास. म्हणूनच मोठी प्लेट घण्ण करते आणि छोटी टिंग करते. वेगवेगळ्या आकाराच्या तीन प्लेटा ओळीने टांगल्या असतील तर डोळे मिटूनही कुठली वाजली ते कळतं. एका आकाराच्या तीन टांगल्या तर कळत नाही. शेजारच्या लेनमध्ये तुमच्यासारखीच प्लेट असेल तर काय होतं ते वर सांगितलंच.

आता मध्य आणि कड. हातोडी मध्यावर मारा, मग कडेला मारा. साखळीवर मोकळ्या टांगलेल्या गोल प्लेटवर फरक लख्ख ऐकू येतो. मध्यावर आवाज जरा वरचा आणि आखूड, कडेला खालचा आणि लांब घुमणारा. याचं कारण मजेशीर आहे. सगळ्यात खालच्या सुरात थरथरताना प्लेटच्या दोन समोरासमोरच्या कडा पुढे येतात तेव्हा उरलेल्या दोन मागे जातात, आणि मध्य जागचा हलतच नाही. जो बिंदू त्या थरथरीत हलत नाही, तिथे मारून ती थरथर उठणार कशी? त्यामुळे नेमक्या मधोमध बसलेल्या गोळीला तो खालचा सूर मिळत नाही. कडेला निसटती लागलेली गोळी मात्र देवळातल्या घंटेसारखी घुमते. नव्या माणसाला वाटतं, जितका मोठा नाद तितका नेम चांगला. हे डोक्यातून काढून टाका. सर्वात देखणा आवाज बऱ्याचदा सर्वात वाईट नेमाचा असतो.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवतो. ‘आवाजावरून पोलाद ओळखतो’ म्हणणारे भेटतील. टार्गेटसाठी एआर ५०० नावाचं कडक पोलाद वापरतात. ५०० हा ब्रिनेल या मापात त्याच्या कडकपणाचा साधारण आकडा. साधं मऊ पोलाद याच्या पासंगालाही पुरत नाही, पण दोघांचं वजन आणि लवचीकपणा जवळजवळ सारखाच असतो, आणि सूर ठरतो त्यावरूनच. हातोडीने ठोकून दोन्ही एकसारख्याच वाजतात. फरक गोळी लागल्यावर दिसतो. कडक प्लेटवर फक्त रंग उडतो, मऊ प्लेटवर खळगा पडतो. खळगा दिसला की ती प्लेट रायफलसाठी बाद. आवाज कितीही खणखणीत असू दे.

## २. टांगणी तपासा

बहुतेक ‘मुक्या’ प्लेटांचं दुखणं टांगणीत असतं. माझीच गोष्ट सांगतो. नवी प्लेट आणली, चौकटीला लावली, आणि नट असे आवळले की जणू पूल बांधतोय. १०० मीटरवरून मारायला सुरुवात केली. बारानंतर आवाज येई तो थड. बारीकसा, मातीत ढेकूळ पडल्यासारखा. मी समजलो, प्लेटमागच्या मातीच्या भरावात जातायत. रायफलवरच्या दुर्बिणीची झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी पडावी म्हणून केलेली जुळणी, बिघडली असणार म्हणून सेटिंग फिरवलं. मग खरंच भरावात जायला लागल्या. तासाभराने पुढे जाऊन बघतो तर सुरुवातीच्या सगळ्या गोळ्या प्लेटच्या मधोमध, मुठीएवढ्या जागेत. नट अर्धा फेरा सैल केला, हातोडी मारली, आणि प्लेट बोलायला लागली. तासाभराची काडतुसं आणि एक चांगली झिरो एका नटापायी गेली.

तेव्हा बघायचं ते असं:

- प्लेट बोल्टवर किंचित हलली पाहिजे. बोल्टवर स्प्रिंग असेल तर उत्तम.
- बोल्टचं गोल डोकं मारणाऱ्याकडे, नट मागे. हे आवाजासाठी नाही, गोळीचे तुकडे सपाट कडांवरून उलट येऊ नयेत म्हणून.
- साखळीवर टांगलेली प्लेट सगळ्यात जास्त घुमते. रबरी पट्ट्यावर टांगली तर पट्टा नाद खातो, पण गोळी लागून तुटत नाही. खांबावर घट्ट बसवलेली प्लेट ठक करून गप्प बसते. यातलं चूक काही नाही, फक्त आपल्याकडे काय आहे ते माहीत हवं.
- प्लेटचा चेहरा थोडा खाली झुकलेला हवा, साधारण १५ ते २० अंश. म्हणजे तुकडे जमिनीकडे जातात.
- गोल प्लेटऐवजी लांब अरुंद पट्टी असेल तर टांगायची भोकं दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर ठेवा. कंप पावताना पट्टीवरची ती दोन ठिकाणं जागची हलत नाहीत, त्यामुळे टांगणी नादाच्या आड येत नाही. झायलोफोनच्या पट्ट्या याच हिशेबाने टेकवतात.

कडक प्लेटला वेल्डिंग करू नका आणि गॅसने भोक पाडू नका. उष्णतेने तिथला कडकपणा उतरतो.

## ३. दिसत असताना ऐका

पहिल्या गोळ्या अशा अंतरावरून मारा की लागलेलं डोळ्यांनी दिसेल. रायफलला पोलादासाठी बऱ्याच रेंजवर किमान १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर अंतर ठेवतात. पॉइंट २२ या छोट्या, हलक्या काडतुसाला यापेक्षा जवळून परवानगी असते. तुमच्या रेंजचा नियम काय सांगतो तोच धरा. शेजारी मित्राला स्पॉटिंग स्कोपवर बसवा. तुम्ही मारा, त्याने ‘मध्य’, ‘डावी कड’, ‘खाली’ असं सांगावं, आणि तुम्ही आवाज कानात साठवावा. पाच गोळ्यांनंतर पाळी बदला. मारणाऱ्यापेक्षा स्कोपवर बसलेला जास्त ऐकतो. कारण बार त्याच्या खांद्यावर होत नाही.

कोणतं काडतूस आहे यावरही आवाज बदलतो. पॉइंट २२ ची शिशाची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ३०० ते ३८० मीटर. ती प्लेटवर चापट मारते: टिंग, किंवा मोठ्या प्लेटवर नुसतं टिक. .३०८ ची गोळी ११ ग्रॅमच्या आसपास, नळीतून सुटताना सेकंदाला साधारण ८०० मीटर. तिचा धक्का पॉइंट २२ च्या दहापट. आधी एक कोरडा फटका ऐकू येतो, म्हणजे गोळी प्लेटवर फुटून चपटी होऊन चहूकडे उडते तो, आणि त्याला चिकटूनच घण्ण. लक्ष देऊन ऐकलं तर हे दोन आवाज वेगळे करता येतात. .२२३ या दोघींच्या मधे कुठेतरी बसते. गोळी हलकी पण वेग जास्त, म्हणून फटका तिखट आणि प्लेटचा झोका छोटा.

झोक्याचीही एक गंमत आहे. जोरात लागलेली प्लेट झुलते, गिरकी घेते, आणि नाद घण्ण-अण्ण-अण्ण असा हेलकावे खातो. प्लेट आपल्या दोन तोंडांच्या दिशेने जोरात वाजते. कडेच्या दिशेने मात्र पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खोडतात. त्यामुळे फिरता फिरता प्लेटची कड तुमच्याकडे आली की आवाज विरतो, तोंड वळलं की परत येतो. असा हेलकावा ऐकू आला तर बहुधा गोळी मध्यापासून बाजूला लागलीय, कारण मधोमध लागलेली प्लेट सरळ मागे जाते, गिरकी घेत नाही. स्कोपवरच्या मित्राला विचारून खात्री करा. दहातल्या आठ वेळा बरोबर निघायला लागलात की पुढच्या अंतरावर जा.

पोलादावर काय मारायचं नाही तेही सांगून टाकतो: पोलादी गाभ्याची किंवा चिलखतभेदी गोळी. शंका असेल तर गोळीला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर ती पेटी घरी. आणि लागताना वेग सेकंदाला साधारण ९०० मीटरच्या वर असेल तर एआर ५०० लाही खड्डे पडतात. जलद काडतुसांना अंतर वाढवून द्या.

## ४. अंतर वाढलं की थांबायला शिका

इथे नवे लोक हमखास घाई करतात. बार झाला, आवाज आला नाही, रायफलचा बोल्ट ओढला, दुसरी गोळी भरली, आणि तेवढ्यात ठण्ण. आता हा कुणाचा?

गोळी जाते आणि आवाज परत येतो, असे दोन प्रवास असतात. २० अंश तापमानात आवाज सेकंदाला ३४३ मीटर चालतो. .३०८ च्या नेहमीच्या काडतुसाने साधारण हिशेब असा बसतो:

- १०० मीटर: गोळी ०.१३ सेकंद, आवाज ०.२९. एकूण अर्ध्या सेकंदाच्या आत.
- ३०० मीटर: गोळी ०.४ च्या थोडं वर, आवाज ०.८७. एकूण सव्वा सेकंद.
- ५०० मीटर: गोळी पाऊण सेकंदाच्या वर, आवाज जवळपास दीड. एकूण सव्वादोन.
- १००० मीटर: गोळी दोन सेकंदांच्या जरा आत, आवाज २.९. एकूण पावणेपाच सेकंदांच्या आसपास.

पावणेपाच सेकंद हा मोठा काळ असतो. स्वतःच्या काडतुसाचा आकडा काढून रायफलच्या स्टॉकवर चिकटवा. मग शेजाऱ्याचा टोला तुम्हाला फसवणार नाही: ५०० मीटरवर मारलंय आणि अर्ध्या सेकंदात ठण्ण आलं तर ते तुमचं असूच शकत नाही. मी बार झाल्यावर मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणतो. थोडं खुळ्यासारखं वाटतं, पण माझे ते पाच उसने टोले यानेच थांबले.

पॉइंट २२ मध्ये गोळी स्वतःच आवाजाच्या आसपासच्या वेगाने जाते. म्हणून १०० मीटरवरही जवळपास ०.६ सेकंद लागतात.

## ५. वारा आणि ऊन

वारा तुमच्याकडून प्लेटकडे वाहत असेल तर तिचा आवाज वाऱ्याच्या विरुद्ध येतो, वर वळतो आणि डोक्यावरून निघून जातो. प्लेटकडून तुमच्याकडे वाहत असेल तर तोच आवाज कानाशी येऊन बसतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरूनही आवाज वर उचलला जातो. सकाळी गार असताना जी प्लेट ४०० मीटरवरून स्पष्ट ऐकू येत होती ती दुपारी मुकी झाली तर रायफलला दोष देऊ नका.

शिवाय हवा बारीक सूर जास्त खाते. म्हणून लांबच्या अंतरावर छोटी टिंग करणारी प्लेट लावणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. लांब जायचं तर मोठी प्लेट, खालच्या सुराची, साखळीवर मोकळी. तरीही खूप लांबून भरवसा डोळ्यावरच ठेवा: स्पॉटर, प्लेटवर बसवायचा लुकलुकणारा दिवा, किंवा प्लेटजवळ कॅमेरा. माझं मत विचाराल तर दिव्याचे पैसे आधी काढा, महागड्या मफचे नंतर.

## ६. खोटे टोले

ही यादी वहीत उतरवून ठेवा.

चौकट आणि खांब. ठक किंवा खण्, पण मागे नाद नाही. हातोडीने खांब वाजवून ठेवला असेल तर लगेच ओळखता.

साखळी. खळ्ळ करून आवाज होतो, प्लेट जोरात झुलते किंवा एका बाजूला लोंबते. प्लेट झुलली म्हणून लागली असं नसतं.

उडी मारलेली गोळी. आधी प्लेटच्या अलीकडे जमिनीवर धूळ उडते, मग बोदा, अर्धवट आवाज येतो. ही कशातच मोजायची नाही. आणि ती वारंवार होत असेल तर जमिनीचा उतार किंवा प्लेटची उंची चुकलीय, रेंज ऑफिसरला सांगा.

शेजारणीचे शिंतोडे. प्लेटा जवळजवळ असल्या की एकीवर फुटलेल्या गोळीचे तुकडे दुसरीवर आपटतात आणि ती बारीक टिक करते. दोन्ही लागल्या असं वाटतं.

भरावाचा धप्प. मागच्या मातीत गेलेली गोळी धप्प करते, आणि आवळून बसवलेल्या प्लेटचा आवाज याच्या फार जवळ जातो. नट सैल ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

प्रतिध्वनी. जवळ भिंत, टेकडी किंवा छप्पर असेल तर बार परत येतो. पण त्याला सूर नसतो. गडगडतो आणि संपतो, खणखणत नाही.

आणि हेही लक्षात असू द्या की वाजणं म्हणजे गुण हे सगळीकडे खरं नाही. मेक्सिकोत सुरू झालेल्या धातूच्या आकृत्यांच्या खेळात मोठ्या रायफलसाठी २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर रानडुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा उभा असतो. तिथे आकृती पडली तरच गुण. मेंढ्याच्या पायाला लागून सुंदर ठण्ण वाजलं आणि मेंढा उभाच राहिला, तर गुण शून्य. बायथलॉनमध्ये, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजीच्या जोडखेळात, ५० मीटरवरचे पाच धातूचे डोळे असतात, झोपून मारताना ४५ मिमीचे आणि उभ्याने ११५ मिमीचे. काळा डोळा झाकला जाऊन पांढरा दिसला की लागलं. तिथे नुसता टकटकाट ऐकून कुणी निघून जात नाही.

## ७. ‘सूंऽऽ’ ऐकू आलं तर थांबा

प्लेटवर लागल्यानंतर सूं, भिर्र किंवा शिट्टीसारखा विरत जाणारा आवाज आला तर एखादा तुकडा गरगरत कुठेतरी गेला. फायरिंग थांबवा, रायफल रिकामी करा, परवानगी घेऊन प्लेट बघा. सपाट, नीट झुकलेल्या प्लेटवर फुटलेली गोळी प्लेटच्या पृष्ठभागाला धरून बारीक फवाऱ्यासारखी पसरते. मोठे तुकडे शिट्टी वाजवत उडतायत याचा अर्थ कुठेतरी खळगा आहे, कड तुटलीय, बोल्ट पुढे आलाय, किंवा प्लेट वेडीवाकडी वळलीय. ‘एकदाच झालं, जाऊ दे’ म्हणून पुढची गोळी मारू नका. खळग्यात शिरलेली गोळी वळून तुमच्याच दिशेने येऊ शकते.

## ८. प्लेटची तब्येत

दर वेळी गुंडाळायच्या आधी पुन्हा हातोडी. पहिल्या दिवशीचा आवाज फोनवर घेऊन ठेवला असेल तर आता शेजारी लावून ऐका. फोन जवळून, हातोडीने वाजवून रेकॉर्ड करा. बाराच्या दणक्यात फोनचा माइक कोलमडतो आणि नुसता फडफडाट भरतो.

नाद आखूड झालाय? आधी बोल्ट बघा. बोल्ट ठीक असेल तर प्लेट उतरवून दोरीवर टांगा आणि वाजवा. तरीही फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली तर तडा आहे, भले दिसत नसेल. एके काळी रेल्वेत चाकांवर हातोडी मारत फिरणारी माणसं असायची, ती हेच ऐकायची. तडे बहुतेक भोकांपासून किंवा कडेच्या कापापासून निघतात. तिथे रंग खरवडून बघा. तडा गेलेली प्लेट पुन्हा टांगायची नाही, ‘फक्त पॉइंट २२ साठी’ म्हणूनही नाही.

नुसती वाकली असेल तर घाबरू नका. रोज एकाच बाजूने मार खाऊन प्लेट हळूहळू वाकते. उलटी करून लावा, सरळ व्हायला लागते. कुठली बाजू कधीपासून पुढे आहे हे विसरायला होतं, म्हणून मी मागच्या बाजूला रंगाने तारीख टाकतो.

काम झालं की हात साबणाने नीट धुवा, मगच खाणंपिणं. प्लेटवरची आणि खालच्या मातीतली ती करडी पूड शिशाची असते. हातमोजे घालून प्लेट उतरवली तर आणखी बरं, कारण कडेला चिकटलेले गोळीचे पत्रे ब्लेडसारखे कापतात. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.